शिरगणती झाली, कार्यकर्त्याला विचारले कोणी?

४ जुलै २०२२ च्या सकाळी मुंबईत विधानसभेत एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळावरील विश्वासदर्शक ठरावासाठी शिरगणती चालू होती, तेव्हा मी धाराशिवच्या बसस्थानकाजवळील एका चहाच्या हॉटेलात बसलो होतो. शहराचे सरकारी नाव तेव्हा अजून उस्मानाबादच होते. कोपऱ्यातल्या दूरचित्रवाणी संचावर आकडा झळकला : ठरावाच्या बाजूने १६४, विरोधात ९९. हॉटेलात ना घोषणा झाली, ना शिवीगाळ. माझ्या बाकावर एक वयोवृद्ध शिवसैनिक होते. नव्वदच्या दशकात पदरमोड करून त्यांनी आपल्या गावात शाखेचा फलक उभारला होता. बशीतला चहा संपवून ते एवढेच म्हणाले, "आमाला कुनी इचारलं का?"

या प्रश्नाचे उत्तर आजही कोणत्याच बाजूकडे नाही.

सभागृहापुढे त्या दिवशी एकच प्रश्न होता : मंत्रिमंडळाच्या पाठीशी बहुमत आहे की नाही? गावोगावच्या पारावर मात्र वेगळाच प्रश्न चर्चिला जात होता : शिवसेनेचा नेता कोण? पहिल्याचे उत्तर मोजून मिळाले आणि तेच दुसऱ्याचेही उत्तर आहे असे जाहीर करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी हा गोंधळ स्पष्ट शब्दांत दाखवून दिला. पक्षांतर्गत वाद सोडविण्याचे साधन म्हणून बहुमत चाचणी वापरता येत नाही आणि राज्यपालांनी उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करण्यास सांगणे समर्थनीय नव्हते, असे न्यायालय म्हणाले. मात्र चाचणीला सामोरे न जाताच ठाकरे यांनी राजीनामा दिला असल्याने पूर्वस्थिती आणता येणार नाही, हेही त्याच निकालात होते. दोन्ही बाजूंनी आपापला अर्धा निकाल जनतेला वाचून दाखविला.

येथे एका जुन्या प्रसंगाची आठवण अपरिहार्य आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. पराभव दिसत असूनही ते सभागृहाला सामोरे गेले. जे झाले ते देशाने उघड्या डोळ्यांनी पाहिले, आणि त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराने त्यांना बहुमतासह परत आणले. २९ जून २०२२ च्या रात्री ठाकरे यांनी समाजमाध्यमावरून राजीनामा जाहीर केला, त्यामुळे कोण कोणत्या बाजूला उभा राहतो हे त्यांच्यासमोर मोजले गेलेच नाही. आपल्याच आमदारांनी आपल्या विरोधात मत दिलेले पाहावे लागू नये, ही त्यांची भावना समजण्यासारखी आहे. परंतु राजकारणात नेत्याच्या भावनेची किंमत कार्यकर्ता मोजतो.

धाराशिव जिल्ह्याने ती मोजली. २०१९ च्या विधानसभेला जिल्ह्यातील चारपैकी तीन जागा शिवसेनेकडे होत्या. परांड्याचे तानाजी सावंत आणि उमरग्याचे ज्ञानराज चौगुले शिंदे यांच्यासमवेत गेले. धाराशिवचे कैलास पाटील सुरतेच्या वाटेवरून परतले. गुजरातच्या सीमेजवळ गाडीतून उतरून पावसात पायी, पुढे दुचाकीवर आणि मग मालमोटारीतून आपण मुंबई गाठली, अशी हकीकत त्यांनी स्वतः सांगितली. नंतर ती जिल्ह्यात कीर्तनातल्या आख्यानासारखी फिरली आणि सांगणाऱ्यागणिक पावसाचा जोर वाढत गेला! खासदार ओमराजे निंबाळकर ठाकरे यांच्याबरोबरच राहिले. पुण्यात सावंत यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. त्या तोडफोडीला 'जनतेचा उद्रेक' म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

जे गेले त्यांचीही बाजू आहे आणि ती केवळ सत्तेच्या मोहाची म्हणून निकालात काढता येत नाही. २०१९ मध्ये या तिघांनी मते मागितली ती भाजपसोबतच्या युतीच्या नावाने. त्याच मतांवर नोव्हेंबरात काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर सरकार बनले, ३० नोव्हेंबर २०१९ रोजी १६९ मतांनी विश्वासदर्शक ठराव मंजूर झाला. ज्या मतदाराने वर्षानुवर्षे राष्ट्रवादीच्या विरोधात बोट शाईने रंगविले, त्याला तरी कोणी विचारले होते? आणि प्रामाणिकपणे लिहायचे तर त्याच महिन्यातील २३ तारखेच्या पहाटेच्या शपथविधीपूर्वी आपल्या बाजूच्या कार्यकर्त्यालाही कोणी विचारले नव्हते. ते सरकार तीन दिवसांत, बहुमत चाचणीच्या आधीच गेले.

या धामधुमीत जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा एक प्रश्न मात्र मार्गी लागला. निजामाचे नाव पुसून 'धाराशिव' हे मूळ नाव मिळावे ही येथील जुनी मागणी. ठाकरे मंत्रिमंडळाने २९ जूनच्या अखेरच्या बैठकीत तो निर्णय घेतला. बहुमत सिद्ध करण्याचा आदेश निघाल्यानंतरचा निर्णय वैध नाही, या भूमिकेतून शिंदे मंत्रिमंडळाने १६ जुलै रोजी तोच पुन्हा घेतला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मान्यता आली. पेढे वाटले गेले, दोन्ही बाजूंनी फलक लावले. लोकांनी पेढे खाल्ले. श्रेय कोणाच्या पदरात टाकायचे ते मतपेटीवर ठेवले.

मतपेटी उघडली ती २०२४ मध्ये. लोकसभेला ओमराजे निंबाळकर ३,२९,८४६ मतांनी निवडून आले. २०१९ चे त्यांचे मताधिक्य सव्वा लाखाच्या आसपास होते. विधानसभेला कैलास पाटील सुमारे ३६ हजारांनी विजयी झाले. उमरग्यातून सलग तीन वेळा निवडून आलेले चौगुले चार हजारांहून कमी मतांनी पराभूत झाले. आरोग्यमंत्री आणि पालकमंत्री राहिलेले सावंत परांड्यातून जिंकले, पण अवघ्या १,५०९ मतांनी. तुळजापूर भाजपच्या राणाजगजितसिंह पाटील यांनी राखले. त्याच निवडणुकीत राज्यात शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि ठाकरे यांच्या पक्षाला २० जागा मिळाल्या. राज्याने एक कौल दिला, या जिल्ह्याने दुसरा.

याचा अर्थ धाराशिवचा मतदार ठाकरेनिष्ठ, असा सोपा हिशेब काही मंडळींनी मांडला. मला तो मान्य नाही. सोयाबीनचा पडलेला भाव, मराठा आरक्षणाचे आंदोलन, राजेनिंबाळकर आणि पाटील या दोन घराण्यांतील जुने वैर हे सारे त्या मतांत मिसळलेले आहे. शिवाय ठाकरेनिष्ठाच असती, तर परांडा का राखता आला? मला दिसते ते असे, की गेलेल्यांना मतदाराने एकाच मापाने मोजले नाही. एकाला घरी बसविले, दुसऱ्याला काठावर सोडले. १६४ आणि ९९ च्या शिरगणतीत ही बारीक निवड मावणारी नव्हती.

मग नेत्यावरील विश्वास तपासायचा कोठे? शिंदे यांच्या बंडाच्या पंधरा दिवस आधी, ६ जून २०२२ रोजी, ब्रिटनच्या हुजूर पक्षात पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यावर पक्षांतर्गत विश्वासमत झाले. पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी पत्रे दिली की हे मतदान तेव्हा घ्यावेच लागे. २११ विरुद्ध १४८ असे ते जिंकले, तरी महिनाभरात त्यांना पायउतार होण्याची घोषणा करावी लागली. त्या पद्धतीने एका वर्षात ब्रिटनला तीन पंतप्रधान पाहावे लागले, तेव्हा ती डोक्यावर घेऊन नाचण्याचे कारण नाही. पण तेथील असंतुष्ट खासदाराला परराज्यातले हॉटेल गाठावे लागले नाही, आणि पक्षाची निशाणी कोणाची हा प्रश्न निवडणूक आयोगापुढे गेला नाही.

आपल्याकडे तो गेला. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना देताना पक्षाच्या २०१८ च्या घटनेवर ती लोकशाहीला धरून नसल्याचा ठपका ठेवला आणि शेवटी आमदार-खासदारांची संख्याच प्रमाण मानली. म्हणजे पुन्हा शिरगणतीच! पक्षाच्या घटनेत कार्यकर्त्याला विचारण्याची जागाच उरली नसेल, तर आयोग तरी दुसरे काय मोजणार? आपल्या विचारांच्या पक्षात सदस्यता नोंदणी होते, संघटनात्मक निवडणुका होतात, हे खरे. पण त्या बहुतेक वेळा सहमतीने उरकल्या जातात, आणि सहमती नेमकी कोणाशी झाली हे मंडल पातळीवरच्या कार्यकर्त्याला पुष्कळदा वर्तमानपत्रातूनच कळते. शिवसेनेच्या घरातली ही फूट पाहून हसण्याआधी आपल्या घराचीही भिंत चाचपून पाहावी.

गेल्या पावसाळ्यात त्या शिवसैनिकांच्या गावी जाण्याचा योग आला. गावात आता दोन फलक आहेत, एक धनुष्यबाणाचा, एक मशालीचा. त्यांनी उभारलेला जुना फलक कुठे दिसेना, म्हणून विचारले. त्यांनी मला घरात नेले. तो माळवदाच्या खोलीत, धान्याच्या कणगीमागे, गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता. दोन्हीकडची मंडळी तो मागायला येऊन गेली म्हणे. "कुनालाच दिला न्हाई," ते म्हणाले, आणि सुनेला चहा ठेवायला सांगितले.