साडेबारा मुलांची शाळा

साडेबारा हा आकडा मी कोठून काढला ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना कोणाच्या मनात किंतु राहणार नाही. 2023 च्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या शिक्षण खात्याने विसापर्यंत पट असलेल्या शाळांचा हिशेब मांडला. शाळा 14,783, त्यांत शिकणारी मुले 1,85,467 आणि शिकवणारे शिक्षक 29,707. अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढाव्यात आणि तसे प्रस्ताव पाठवावेत, असा त्या पत्राचा आशय होता. तोरणमाळचे आणि आमच्याच जिल्ह्यातील पानशेतचे उदाहरण त्यासाठी पुढे केले होते. मुलांच्या संख्येला शाळांच्या संख्येने भागले, की दर शाळेला साडेबारा मुले येतात. हा भागाकार मी फळ्यावर करून दाखवला, तेव्हा चौथीतले एक पोरगे म्हणाले, "गुरुजी, ते अर्धे पोर बसते कुठे?"

आम्हां हडपसरकरांना अर्ध्याचे तसे वावडे नाही. साडेसतरा नळी नावाचा भागच आमच्याकडे आहे आणि तिथे राहणाऱ्या कोणाला ते अर्धे कधी खटकल्याचे ऐकिवात नाही. पण नळी अर्धी असली तर चालते. पोर अर्धे असून चालत नाही. त्याला दोन पाय असतात, त्या पायांनी ते सकाळी शाळेत चालत येते, आणि माझे सारे भांडण त्या चालण्याविषयीच आहे.

मी मॅट्रिक झालेला माणूस. वस्तीशाळा निघाल्या त्या काळात तुटपुंज्या मानधनावर लागलो आणि तेव्हापासून लहान शाळांतच हयात चालली आहे. दोनचार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून संपादक दर दिवाळीला कथा मागतात. यंदा कथेऐवजी हे भांडण पाठवीत आहे. फराळाच्या ताटापाशी भांडण आणू नये, हे मला कळते. पण घरातली सगळी माणसे एका जागी सापडतात ती याच चार दिवसांत, आणि या भांडणातले प्रतिवादी तर घरोघरी बसलेले आहेत.

शाळेचे नाव सांगत नाही. सरकारी आहे आणि पटावर सतरा नावे आहेत, एवढे पुरे. या सतरा मुलांची माहिती दरवर्षी फॉर्मात भरावी लागते. जात, धर्म, मुलगा की मुलगी, अपंगत्व, मातृभाषा, दारिद्र्यरेषा. मग वरच्या कचेरीत त्याचे टक्के निघतात. सतरांत एक मूल म्हणजे जवळजवळ सहा टक्के! गेल्या साली एका गवंड्याचे काम संपले आणि तो दोन मुली व एक मुलगा घेऊन चाकणकडे निघून गेला. झाले! गळती अठरा टक्के. मुलींचे प्रमाण त्रेपन्नावरून पन्नासावर. दोन महिन्यांनी मला विचारणा झाली, 'मुलींच्या शिक्षणाबाबत परिसरात अनास्था वाढत असल्याची कारणे नमूद करा.' कारण एकच होते. त्या इमारतीचा स्लॅब पडून झाला होता.

हजार मुलांच्या शाळेत टक्का काहीतरी सांगतो. सतरा मुलांच्या शाळेत तो नुसता उड्या मारतो. तिथे मूल पाहावे लागते, त्याचा बाप काय करतो आणि कोठून आला आहे ते पाहावे लागते. हे काम फार नाही. हजेरीपुस्तकाचे एक पान वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढे आहे. पण ते पान वाचायचे म्हणजे सतरा नावे वाचावी लागतात, आणि 'पट : 17' वाचायला क्षणभर पुरतो.

आता पट कमी का झाला ते बघा. 'मुलेच राहिली नाहीत हो,' असे सुस्कारा टाकून म्हणणारे पुष्कळ भेटतात. सह्याद्रीतल्या एखाद्या ओस पडलेल्या वाडीबद्दल हे खरे असेल. पण हडपसरात मुले राहिली नाहीत? येथे रोज नवी इमारत उभी राहते! ज्या शिवारात ऊस आणि भाजीपाला होता, तेथे शेतकऱ्यांनी चारशे एकरांवर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी वसवली. आपल्या जमिनीचे मालक राहूनच त्यांनी ती वसवली, आणि ही गोष्ट नावाजण्याजोगीच आहे. संगणकाच्या कचेऱ्या आल्या, हजारो बिऱ्हाडे आली. मुलांचा तुटवडा नाही. फक्त ती सकाळी पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जातात. ज्या बागायतदाराच्या आजोबाने सरकारी शाळेत बाराखडी गिरवली, त्याचा नातू आता आमच्या दारावरून काच वर करून जातो. मी त्याला दोष देत नाही. आपल्या लेकराला काय द्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे. माझी तक्रार पुढच्या वाक्याशी आहे. हेच गृहस्थ एखाद्या समारंभात भेटले, की म्हणतात, "गुरुजी, त्या शाळेत आता कोण जाते? बंदच करायला हवी."

कोण जाते, ते सांगतो. यादगीर आणि कलबुर्गीकडच्या बांधकाम मजुरांची मुले येतात. घरात कानडी, खेळताना हिंदी आणि माझ्यापुढे मराठी, अशा तीन भाषा ती बोलतात. नांदेडच्या एका बाईची दोन मुले येतात. ती तुमच्याच इमारतीत चार घरची धुणीभांडी करते. रखवालदाराचा मुलगा येतो. त्याची आई नेपाळची असून ती आता माझ्यापेक्षा बरी मराठी बोलते. वडारवस्तीवरची पाच येतात. एक मुलगी आजीबरोबर राहते. तिला ऐकू कमी येते, म्हणून ती पहिल्या रांगेत बसते, आणि तिच्या एकटीमुळे आमच्या शाळेत 'अपंगत्वाचे प्रमाण' सहा टक्के आहे. ज्यांना दुसरीकडे जाता आले ते गेले. ज्यांना जाता आले नाही ते राहिले. तेव्हा पट घटतो म्हणून गरज घटली असे मानणे हा उफराटा न्याय झाला. पट जसा आटतो तशी गरज दाट होत जाते, उसाचा रस आटवावा तशी.

मोजण्याच्या तारखेचीही एक गंमत आहे. शाळेला किती शिक्षक द्यायचे ते 30 सप्टेंबरच्या पटावरून ठरते. वीटभट्टी पेटते ती पाऊस संपल्यावर. दसरा-दिवाळीच्या सुमारास, म्हणजे आपण हा अंक चाळत असाल त्याच दिवसांत, पूर्वेकडच्या भट्ट्यांवर टेम्पो येऊ लागतात. भांडी, कोंबड्या आणि पोरे उतरतात. ती पोरे डिसेंबरात माझ्या वर्गात बसलेली असतात, पण 30 सप्टेंबरला ती मराठवाड्यातल्या आपल्या गावच्या पटावर मोजली गेलेली असतात. तिकडच्या शाळेत नाव असून मूल नाही. इकडे मूल असून नाव नाही. तिकडच्या मास्तरावर गैरहजेरीचा ठपका बसतो आणि इकडच्यावर कमी पटाचा. गावोगाव फिरणाऱ्या अशा मुलांसाठी 'शिक्षण हमी पत्रक' नावाचा कागद सरकारने काढलेला आहे आणि कल्पना चांगली आहे. पण पहाटे तीनला मुकादमाची गाडी दारात उभी राहते, तेव्हा तो कागद आणायला कोणी मुख्याध्यापकाच्या घरी जात नाही. पुण्यात डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था 1993 पासून बांधकामांवर जाऊन मुलांना शिकवीत आल्या, म्हणून निदान काही मुलांच्या हाती पाटी आली.

त्यात आता आधारची भर पडली. 2022-23 च्या संचमान्यतेला आधार जुळलेलीच मुले धरायची असे ठरले. ज्याचे बोटाचे ठसे जुळत नाहीत किंवा जन्मतारखेत फरक आहे, ते मूल वर्गात खिचडी खाते, पाढे म्हणते, पण शिक्षक मोजायच्या वेळी ते नसतेच. 

"मग खोटे पट नव्हते काय?" असे कोणी म्हणेल. होते! 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. मतदानाला लावतात तशी शाई मुलांच्या बोटांना लावून मोजदाद केली, आणि सुमारे 20 लाख नावे बनावट असल्याच्या बातम्या आल्या. शिक्षक म्हणून तेव्हा मान खाली गेली. ज्यांनी कागदावर मुले जन्माला घातली, त्यांच्याविषयी मला काडीची कणव नाही. पण ध्यानात घ्या, बनावट नावांचे पीक तेथेच येते जेथे नावे कोणी वाचत नाही. सतरा नावांत अठरावे खोटे घुसवून बघा, वस्तीतली म्हातारी सांगेल की हे पोर आमच्यात नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मी टाळत नाही. लहान शाळेत खेळायला भिडू मिळत नाहीत, एका मास्तरावर तीनतीन इयत्ता पडतात, प्रयोगशाळा नसते. हे सारे खरे आहे. जेथे दोन शाळा हाकेच्या अंतरावर आहेत, मध्ये रस्ता धड आहे आणि आईबापच हो म्हणतात, तेथे एक करा, मी हार घालायला येईन. पण अंतर नकाशावर मोजू नका. 2009 च्या कायद्याने लहान मुलांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. आमच्या शेजारची शाळा त्या हिशेबात बसतेही. फक्त मध्ये सोलापूर रस्ता आहे. गाडीतळावर संध्याकाळी तो ओलांडताना मोठ्या माणसाची भंबेरी उडते. सात वर्षांच्या मुलीने धाकट्या भावाचा हात धरून तो रोज दोनदा ओलांडावा, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा आपली नात बरोबर घेऊन यावे.

खर्चाचे म्हणाल, तर वरच्या आकड्यांवरून एका शिक्षकामागे सहा मुले पडतात. 'ही चैन परवडत नाही,' असे म्हणतात. याच पुण्यात खासगी शिकवणीवाले 'एका तुकडीत फक्त सहा विद्यार्थी' अशी जाहिरात करून दुप्पट फी घेतात आणि आपण ती रांगेत उभे राहून भरतो. सहा हा आकडा श्रीमंताच्या घरी गुण आणि गवंड्याच्या घरी गुन्हा कसा होतो, हे कोडे मला मॅट्रिकच्या गणिताने सुटलेले नाही. आणि धोरण तरी एक असावे. 2023 साली लहान सरकारी शाळा गुंडाळण्याचे प्रस्ताव मागवले. फेब्रुवारी 2024 मध्ये नियम काढला, की एक किलोमीटरवर सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने गरिबांच्या पंचवीस टक्के जागा देण्याचे कारण नाही. म्हणजे शेजारी आमची शाळा आहे म्हणून तिकडे प्रवेश नाही, आणि पट कमी आहे म्हणून आमची शाळाही नाही! उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये तो नियम रद्द केला, हे बरे झाले.

2018 साली पानशेतच्या पलीकडच्या, तेव्हाच्या वेल्हे तालुक्यातल्या चांदर वस्तीची बातमी गाजली होती. एका विद्यार्थ्यासाठी एक शिक्षक मोटारसायकलवरून डोंगरातली वाट तुडवीत जात असे. लोकांना गहिवरून आले. माझ्या ओळखीच्या एका सद्गृहस्थांनी ते कात्रण जपून ठेवले आहे, आणि तेच मला लहान शाळा बंद करण्याचे फायदे समजावून सांगतात. 1848 साली भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा आरंभी मोजक्याच मुली आल्या. त्यांच्या तसबिरीला हार घालणारा हात 'वीस मुली जमल्यावर सांगा' अशा पत्रावर सही करतो, तेव्हा शाई वाळेपर्यंत तरी त्याने तसबिरीकडे बघू नये.

मला नवी इमारत नको, संगणक नको, सत्कार तर मुळीच नको. 30 सप्टेंबरची मोजणी ठेवा, पण जानेवारीच्या अखेरीस, भट्ट्या पेटलेल्या असताना, आणखी एकदा मोजा आणि दोन्हींतला मोठा पट धरा. विसाच्या आतल्या शाळांचे टक्के काढणे थांबवा आणि नावे मागवा. नावांपुढे एक रकाना वाढवा, 'ही शाळा नसेल तर हे मूल उद्या सकाळी कोठे जाईल?' फॉर्मात जागा नाही असे कोणी म्हणेल, तर 'शाळेच्या प्रांगणात हेलिकॉप्टर उतरू शकेल काय' अशा थाटाचे बरेच प्रश्न त्यात आहेत. त्यांतला एक खोडला तरी माझे काम भागेल.