फुटलेली कीं फोडलेली?

रत्नागिरीकडे कैऱ्यांचे दिवस आले कीं लोणच्याच्या बरण्या बाहेर निघतात, आणि एखादी फुटतेच. मग माजघरांतून आज्ञा होते, ‘सूनबाईनें फोडलेली ती बरणी उचला!’ सांगावयाचें होतें तें उचलण्याचें. पण जातां जातां सूनबाईचा अपराधहि सिद्ध धरला गेला. ‘सूनबाईनें बरणी फोडली’ असें म्हटलें असतें, तर ‘नाहीं, मांजरानें पाडली’ असें उत्तर तरी देतां आलें असतें. ‘फोडलेली’, ‘सांडलेलें’ हीं धातुसाधित विशेषणें क्रिया सांगत नाहींत, ती गृहीत धरतात.

स्पॅनिश भाषेंत या जागीं ‘रोतो’ हें नेहमींचें रूप येतें. आपल्यासारखेंच तें नामाप्रमाणें बदलतें: पुल्लिंगी नामास ‘रोतो’, स्त्रीलिंगी नामास ‘रोता’. ‘मीं बरणी फोडली आहे’ अशा क्रियापदांत मात्र तें ‘रोतो’च राहतें. शिवाय आपोआप फुटलेलें आणि कोणी फोडलेलें, दोहोंसहि तेंच रूप. मराठीनें ‘फुटणें’ व ‘फोडणें’ असे दोन धातु आपल्या हातीं दिले आहेत.

व्याकरणाचा विचार या जिल्ह्यास परका नाहीं. मालगुंडच्या केशवसुतांचे बंधु मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं प्रसिद्ध झालें. तें शास्त्र माजघरांतहि उपयोगी पडतें. वाचकहो, कोणीं फोडली हें ठाऊक होईपर्यंत बरणी ‘फुटलेली’च म्हणावी. बरणी नवी आणतां येते. लागलेला शब्द परत घेतां येत नाहीं.