खरेदीखतात नसलेली माणसे

आमच्या खर्ड्याकडे सोयरीक जमवताना हल्ली जमिनीच्या आधी विचारतात, मुलगा कंपनीत परमनंट आहे का? पाऊस बेभरवशाचा, रान हलके. दहावीनंतर आयटीआय आणि तिथून चाकण, रांजणगाव नाहीतर तळेगाव, हीच इथल्या पोरांची वाट. ही वाट बंद झाली की उरतो ऊसतोडीचा कोयता. तळेगावच्या जनरल मोटर्सची हकिगत पुण्या-मुंबईचे दिवाळी अंक विसरले तर विसरोत, जामखेड तालुक्यातल्या अंकाला ती विसरून चालणार नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये तो कारखाना सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात शेव्हरोले विकणे थांबवले. तिचा गुजरातेतला हालोलचा कारखाना त्याच वर्षी गेला. तळेगावात निर्यातीच्या गाड्या बनत राहिल्या. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी विक्रीचा सौदा जाहीर झाला. एप्रिलमध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची परवानगी सक्तीची झाली, जूनमध्ये गलवानचा भारत-चीन संघर्ष घडला आणि सौदा लटकला. डिसेंबर २०२० मध्ये लाइन थांबली. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांच्या हाती ले-ऑफची नोटीस पडली, तीही करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना. ले-ऑफ म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मे. घराचा हप्ता मात्र निम्मा होत नाही.

काहींनी सेटलमेंट घेतली. बाकीचे युनियनबरोबर लढत राहिले. त्यांची मागणी एकच होती: जो कोणी कारखाना घेईल त्याने आम्हालाही घ्यावे. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला, जानेवारी २०२४ मध्ये ताबा घेतला. करारात जमीन होती, इमारती होत्या, काही यंत्रे होती. कामगार नव्हते. मधल्या ऑक्टोबरात ते बायकामुलांसह उपोषणाला बसले, तरी कागद बदलला नाही.

इथे कायद्याची गंमत कळते. चालता उद्योग हस्तांतरित झाला तर तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातले २५-एफएफ कलम लागत असे. नव्या मालकाने नोकरी न तोडता त्याच अटींवर पुढे चालू ठेवली तर ठीक, नाहीतर नुकसानभरपाई द्यायची. ही भरपाई ठरते नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. कारखाना आधी बंद करून नुसती मालमत्ता विकली, तर नव्या मालकाला जुन्या हजेरीपटाशी काही देणेघेणेच राहत नाही. बंद करण्याआधी सरकारची परवानगी लागते खरी, पण २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने त्यासाठीची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली. मोठा कारखाना तीत अजूनही सापडतो. त्याला सुटे भाग पुरवणारे छोटे वर्कशॉप सुटते. कँटीनवाला, बसचा ड्रायव्हर, कॉन्ट्रॅक्टवरचा हेल्पर यांचे नाव तर आधीही कुठल्या नोटिशीत नव्हते.

‘अटी घातल्या तर गुंतवणूक पळेल’ हे मंत्रालयातले आवडते वाक्य. त्याला साणंदचे उत्तर आहे. फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन गुंडाळायचे ठरवले. साणंदचा कारखाना टाटांच्या कंपनीने ७२५ कोटी ७० लाखांना घेतला, तो जमीन, यंत्रे आणि पात्र कामगारांसह. फोर्ड, टाटा आणि गुजरात सरकार एका मेजावर बसले होते. कायदा तोच, देश तोच. टाटा पळाले नाहीत.

जर्मनीत फोक्सवॅगन देशातले कारखाने बंद करण्याची भाषा करत होती. डिसेंबर २०२४ च्या समझोत्यात २०३० पर्यंत सक्तीची कपात नाही असे ठरले. त्याची किंमत कामगारांनीही मोजली: पगारवाढ सोडली आणि ३५ हजारांहून अधिक जागा टप्प्याटप्प्याने कमी करायला मान्यता दिली. पण तिथे देखरेख मंडळावर निम्म्या खुर्च्या कामगारांच्या प्रतिनिधींच्या आहेत आणि लोअर सॅक्सनी राज्य स्वतः भागधारक आहे. दारात बसून निवेदन देणे वेगळे, आत बसून सौदा करणे वेगळे.

नव्या मालकाचीही बाजू आहे. जुना वाद, जुनी युनियन, पस्तिशी-चाळिशीतला, घसघशीत पगाराचा ऑपरेटर यांपेक्षा विशीतले ट्रेनी त्याला परवडतात. त्याने हिशेब केला यात नवल नाही. सरकारने तो तसाच मान्य का केला, असा आमचा प्रश्न आहे. एमआयडीसीची जमीन भाडेपट्ट्याची असते; पट्टा दुसऱ्याच्या नावे करायला एमआयडीसीची संमती लागते. ती सही होईपर्यंत लगाम सरकारच्याच हाती असतो. सेवाज्येष्ठतेनुसार जुन्या कामगाराला पहिली संधी, आणि ज्याला घेणार नाही त्याला पंधरा दिवसांच्या हिशेबापेक्षा सन्मानाची रक्कम, एवढे त्या संमतीपत्रात लिहायला नवा कायदा कशाला हवा?

कागदात माणसे विसरण्याची रीत जुनीच आहे. १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांच्यातल्या खर्ड्याच्या लढाईनंतर तह झाला तेव्हा निजामाने काय काय द्यायचे ते बारकाईने ठरले होते: मुलूख, पैसा, अगदी त्याचा दिवाणसुद्धा. शिलेदारांची आणि हुजऱ्यांची विचारपूस कुणी केल्याचे ऐकिवात नाही.

कर्जत-जामखेडच्या एमआयडीसीसाठी जुलै २०२३ मध्ये आमदार रोहित पवार विधान भवनाच्या आवारात भर पावसात बसले. ती कोणत्या गावात व्हावी, श्रेय कोणाचे, यावर आपल्याकडे चहाच्या टपरीपासून सभागृहापर्यंत भांडण झाले. जमीन कोणत्या अटींवर द्यायची यावर मात्र कुणी तोंड उघडल्याचे आठवत नाही. या दिवाळीत गावी आलेल्या कंपनीतल्या पोरांनी पुढाऱ्यांना फराळाला बोलवावे आणि तळेगावचा करार त्यांच्यापुढे ठेवावा. आपल्या एमआयडीसीच्या पहिल्या भाडेपट्ट्यात जुन्या कामगाराला पहिली संधी देण्याचे कलम घालणार का, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे.