फळ्याच्या अलीकडे : मिठाच्या पाण्यातलं बी



आपल्या भोर-वेल्ह्याकडे भाताचा तरवा टाकण्याआधी बियाण्याची परीक्षा घेतात, पाहिली आहे ना? दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बी ओतायचं आणि ढवळायचं. पोकळ बी वर तरंगतं, ते काढून टाकायचं. भरलेलं बी तळाशी बसतं. ते चांगल्या पाण्यानं धुऊन, सावलीत वाळवून पेरायचं. थोड्या वेळात निकाल तयार!

आता मला सांगा, मुलांची निवड अशी करता येईल का? दहा-अकरा वर्षांच्या मुलाला एका पेपरला बसवायचं आणि त्या गुणांवरून ‘तू या शाळेत, तू त्या शाळेत’ असं कायमचं ठरवून टाकायचं? हा प्रश्न मोठमोठ्या देशांना पडला आहे. एका ठिकाणी तर सरकारनं घरोघर कागद पाठवून लोकांनाच विचारलं. ती गंमत पुढे सांगते. आधी आपल्या घरचं पाहू.

आपल्याकडे २००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याचं कलम १३ पालकांनी जरूर लक्षात ठेवावं. शाळेत प्रवेश देताना मुलाची किंवा आईवडिलांची चाचणी, मुलाखत घ्यायची नाही, असं ते सांगतं. शाळेनं तसं केलं तर पहिल्या वेळी पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड, आणि पुढे दर वेळी पन्नास हजार! मग जागा थोड्या आणि अर्ज फार, असं झालं तर? सोडत काढायची. चिठ्ठीला हुशार-ढ काही कळत नाही, म्हणूनच ती बरी. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत.

“पण बाई, नवोदयची परीक्षा असते की!” असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणणारच. बरोबर आहे. आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यात पिंपळे जगतापला आहे. तिथे सहावीत जायला निवड परीक्षा द्यावी लागते. दोन तास, ऐंशी प्रश्न, शंभर गुण. जागा जास्तीत जास्त ऐंशी. त्यातल्या किमान पंचाहत्तर टक्के ग्रामीण मुलांना आणि निदान एक तृतीयांश मुलींना. एकदा परीक्षा दिली की सहावीच्या प्रवेशासाठी पुन्हा बसता येत नाही.

इथे दोन्ही बाजू नीट पाहायला हव्यात, बरं का. ज्या घरात शिकवणीला पैसे नाहीत, त्या घरातल्या मुलीला ही परीक्षा म्हणजे उघडलेलं दार असतं. राहणं, जेवण, पुस्तकं यांचा भार घरावर पडत नाही. ‘परीक्षा बंद करा’ म्हटलं तर तिचे आईवडील विचारतील, “मग आमच्या पोरीनं पुढे जायचं कसं?” हा प्रश्न खोटा नाही. पण जिल्ह्यातून ऐंशी मुलं आत गेली, की बाकीची कितीतरी बाहेर राहतात. त्यांतली काही एका गुणानं, काही त्या दिवशी ताप होता म्हणून. आणि घरी गेल्यावर त्यांना ऐकायला मिळतं, “नापास झालास ना?” अहो, निवड न होणं म्हणजे नापास होणं नव्हे! जागा संपल्या, एवढाच त्याचा अर्थ.

दहावीनंतर तर चाळण सगळ्यांनाच लागते. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. २०२५ पासून तो सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. २०२१ साली करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, तेव्हा सरकारनं अकरावीसाठी वेगळी प्रवेश परीक्षा ठरवली. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होती. दुसऱ्या मंडळांच्या मुलांनी काय करायचं? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १० ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. म्हणजे पाहा, चाळण कशी असावी, ती कुणी धरावी, हेसुद्धा विचारता येतं.

आता ती घरोघरच्या कागदाची गोष्ट. उत्तर आयर्लंड नावाचा छोटासा प्रदेश आहे. तिथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांची परीक्षा होई आणि तिच्यावरून पुढची शाळा ठरे. २००२ साली सरकारनं प्रत्येक घरी प्रश्नपत्रिका पाठवली. ही मात्र मोठ्या माणसांसाठी! दोन लाखांहून जास्त उत्तरं आली. ‘ही परीक्षा बंद करावी का?’ सत्तावन्न टक्के लोक म्हणाले, हो. ‘गुणवत्तेवरून मुलांची निवड करणंच बंद करावं का?’ चौसष्ट टक्के म्हणाले, नको!

हसलात ना? परीक्षा नको, पण निवड हवी. पण आपणही असेच आहोत. आपल्या मुलाला परीक्षेचा ताप नको वाटतो, आणि ‘निवडक’ शाळाही हवी वाटते.

पुढे काय झालं? सरकारी परीक्षा नोव्हेंबर २००८ मध्ये शेवटची झाली. पण निवड करणाऱ्या शाळांनी आपल्या परीक्षा सुरू केल्या. त्याही दोन वेगवेगळ्या संस्थांच्या! काही मुलं दोन्हीकडचे मिळून पाच-पाच पेपर देऊ लागली. सगळ्यांसाठी एक परीक्षा यायला २०२३ साल उजाडलं. परीक्षेचं नाव पुसलं तरी निवड पुसली जात नाही, ती दुसऱ्या दारानं येते.

ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे. समजा, उद्या सगळ्या निवड परीक्षा बंद झाल्या. तरी शाळा दहा किलोमीटरवर असेल आणि एसटी दिवसातून दोनदाच येत असेल, तर ते अंतर मुलांना निवडणारच. फी निवडणार. “मुलीला एवढ्या लांब कशाला?” हे वाक्य निवडणार. या चाळणी कुठल्याही फळ्यावर लिहिलेल्या नसतात, म्हणून त्यांच्यावर कुणी हरकत घेत नाही. माझं मत विचाराल तर लहान मुलांना परीक्षेनं वेगळं करू नये. पण त्याआधी, जवळची शाळा इतकी चांगली असावी की लांबच्या शाळेत निवड झाली नाही म्हणून कुणाला रडू येऊ नये.

आणि मत विचारलं जातं तेव्हा ते द्यावं! नव्या शैक्षणिक धोरणाचा मसुदा २०१९ साली सूचनांसाठी खुला झाला. त्यातल्या भाषेच्या एका कलमावर लोकांनी हरकत घेतली आणि काही दिवसांतच ते बदललं गेलं. आपल्या राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यावरही मे २०२४ मध्ये सूचना मागवल्या होत्या. पालकहो, तुमच्यापैकी किती जणांनी चार ओळी लिहिल्या? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या असतात. ग्रामसभा आहे. तिथे पाण्याबरोबर शाळाही बोला.

मुलांनो, तुम्ही लहान म्हणून गप्प बसायचं असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १२ आहे. ज्या गोष्टी मुलांशी संबंधित आहेत, त्यांत मुलांचं म्हणणं ऐकलं जावं, असं ते सांगतं. भारतानं १९९२ साली हा करार स्वीकारला.

तर या आठवड्याचा उद्योग असा. वर्गात चिठ्ठ्यांवर मतदान घ्या. पहिला प्रश्न : ‘पुढच्या शाळेसाठी परीक्षा असावी का?’ दुसरा प्रश्न : ‘हुशार मुलांची शाळा वेगळी असावी का?’ दोन्हींची उत्तरं वेगवेगळी मोजा. जुळली नाहीत तर का जुळली नाहीत, यावर बोला. आणि तिसरा प्रश्न घरी विचारा : ‘आई, तुझी शाळा कुठे सुटली? का सुटली?’ त्याचं उत्तर वहीत नीट लिहून ठेवा. कधी कुणी सूचना मागवल्या, तर पाठवायला ते उपयोगी पडेल.

तुमची,
बाई