सारा गोंधळ!

आत्या झालं की आयुष्यात एक दिवस व्हीआयपी ट्रीटमेंट गॅरंटीड मिळते. बारशाचा दिवस! बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आपला, त्यामुळे साडी आपली, फोटो आपले आणि भावाकडून वसुलीही आपलीच. म्हणून मी एकदम खुशीत पुण्याहून सोलापूरची गाडी पकडली. भिगवण यायच्या आत वहिनीचा मेसेज आला. ‘नाव फायनल. सारा. आजींना तू पटव.’

घ्या! म्हणजे मान आपला आणि डोकेदुखीही आपलीच.

भवानी पेठेतल्या आमच्या घरात बोलायचं तर आवाज चढवूनच बोलावं लागतं, कारण शेजारच्या यंत्रमागांची खडखड. त्या खडखडीच्या वरताण आजी ओरडली, “सारा? अगं, सारा तर तलाठी गोळा करतो!” तिच्या डोक्यात शेतसारा. तो मुद्दा कसाबसा निस्तरला तर दुसरा तयार. “सारा गोंधळ, सारी मजा. पोरीचं नाव ठेवायचंय तर निदान सारी तरी ठेवा.” बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं. “सचिनच्या मुलीचं नाव ना ते? मग हरकत नाही.” विषय संपला. आमच्या घरात सचिनपुढे पाणिनीचंही चालत नाही.

पण सांगायचं आपल्याला, तर माहिती नको? म्हटलं, जरा गृहपाठ करू.

नाव हिब्रू. अर्थ राजकन्या, खानदानी स्त्री. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात ही अब्राहामाची बायको. आधी तिचं नाव होतं साराय. देवाने तिचं नाव बदलून सारा ठेवलं आणि सांगितलं की तुला मुलगा होईल. तेव्हा बाईंचं वय ९०! ते ऐकून ती चक्क हसली. मुलगा झाला, आणि त्याचं नाव पडलं इसहाक. अर्थ, ‘तो हसतो’. म्हणजे या नावाच्या मुळाशीच एक बारसं आहे आणि एक हसू. मला तर बाई जाम आवडली. मुस्लिम घरांतही सारा आहेच. कुराणात इब्राहिमच्या बायकोची गोष्ट येते, तिथे तिचं नाव नाही. ते परंपरेने जपलं.

युरोपात सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट घरांनी जुन्या करारातली नावं उचलली आणि सारा घरोघरी पोचली. इंग्लंड-वेल्समध्ये १९७४ आणि १९८४ या दोन्ही वर्षी मुलींच्या नावांत सारा नंबर वन. अमेरिकेत १९८० आणि १९९० ही दोन्ही दशकं ती टॉप टेनमध्ये. १९८४ च्या ‘टर्मिनेटर’मध्ये तो यंत्रमानव फोन डिरेक्टरी उघडून एकामागून एक सारा कॉनर शोधत फिरतो, आठवतंय? नाव इतकं कॉमन होतं, म्हणून तर ती आयडिया चालली. नव्या शतकात मग तिकडे दुसऱ्या नावांची फॅशन आली आणि सारा यादीत खाली सरकली.

आपल्याकडे उलट. १९९७ मध्ये तेंडुलकरांच्या घरी सारा आली. २०१८ मध्ये सारा अली खान पडद्यावर आली. आता तर ‘सारा बेटा, इकडे ये’ अशी हाक आली की बागेत दोन-तीन डोकी वळतात. दोन अक्षरं, उच्चार सोपा, व्हिसाच्या फॉर्मवर अडत नाही. परफेक्ट!

एवढं वाचून थांबले असते तर बरं झालं असतं. पुढे एक तारीख सापडली. ऑगस्ट १९३८. नाझी जर्मनीने फर्मान काढलं, की ज्या ज्यू बायकांची नावं सरकारी यादीत बसत नाहीत त्यांनी १ जानेवारी १९३९ पासून नावाला ‘सारा’ जोडायचं. पुरुषांनी ‘इस्राएल’. कागद बघताक्षणी माणूस ओळखू यावा, एवढ्यासाठी. राजकन्येचं नाव, त्याचा शिक्का केला.

आणि मला माझी सारा आठवली.

शाळेत माझी बेंच पार्टनर. मराठी ख्रिश्चन. घरात शेंगाचटणी आणि कडक भाकरी आमच्यासारखीच. भावाचं नाव अस्सल मराठी. त्यात नवल काही नाही. नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक, बाबा पदमनजी यांची नावं तरी कुठे बदलली? हिला मात्र पणजीचं नाव मिळालं होतं. २००४ मध्ये टीव्हीवर ती मालिका लागली आणि वर्गाने तिचं ‘साराभाई’ करून टाकलं. तीच सगळ्यात मोठ्याने हसायची.

२०१४ मध्ये आम्ही दोघी नोकरीसाठी पुण्यात. फ्लॅट शोधत होतो. एका घरमालकांनी फोनवर विचारलं, “सारा? म्हणजे नेमकं कोण?” तिने सांगितलं. तर फ्लॅट अचानक ‘फक्त फॅमिली’साठी झाला. असं तीनदा झालं. चौथ्या ठिकाणी मी बोलले. मालकीणबाईंनी मैत्रिणीचं नाव विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, “सई.”

फ्लॅट मिळाला. दोन वर्षं राहिलो. त्या बिल्डिंगमध्ये दोन वर्षं ती सई होती. जिन्यात, पार्किंगमध्ये, हळदीकुंकवाला. ती कधी काही बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही. स्मार्टपणा केला असंच मला वाटत होतं.

आणि आता तेच नाव आमच्या घरी येतंय, तर कूल! आमच्या आडनावाला लागून आलं की ते सचिनच्या मुलीचं. तिच्या आडनावाला लागून आलं की ‘म्हणजे नेमकं कोण?’

बारशाच्या आदल्या रात्री गच्चीवरून तिला फोन लावला. नाव सांगितलं. मग जे दहा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं ते म्हटलं. “सॉरी गं. सईबद्दल.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, “सई वाईट नव्हती. पण कुणी हाक मारली की मी एक सेकंद उशिरा वळायचे.” आणि मग तिचं ते जुनं हसू. “ठेव गं नाव. एकच अट. हिचं नाव कुणी विचारलं तर खरं सांग.”

दुसऱ्या दिवशी पाळण्यावर वाकून मी भाचीच्या कानात नाव सांगितलं. यंत्रमाग चालूच होते, म्हणून जरा मोठ्याने सांगावं लागलं. सगळ्यांना ऐकू गेलं.

आजी पुढे झाली. “सारा तर सारा,” म्हणाली आणि पोरीच्या गालाला तीट लावली.