घरगुती पाळणाघर : काकू "नको आता" का म्हणतात?

रत्नागिरीत नोकरी करणाऱ्या दोन आया भेटल्या की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो, "तुझ्या बघण्यात मूल सांभाळणारं कुणी आहे का गो?" नाचणे असो, कुवारबाव असो की साळवी स्टॉप, पूर्वी जवळपास एखादी काकू, एखादी मावशी असायचीच. पुढच्या खोलीत सतरंजी, कोपऱ्यात पाळणा, गॅसवर मऊभाताचं पातेलं आणि चार-पाच पोरं. पाटी नाही, जाहिरात नाही. आता त्याच काकू एकेक करून "नको आता, झेपत नाही" म्हणू लागल्या आहेत. लोक म्हणतात, "पूर्वीसारखी माया राहिली नाही." मला हे पटत नाही. माझ्या मते कारण मायेत नाही, हिशेबात आहे. तो हिशेब आज आपण मांडून पाहू.

गरज कुठून आली?

आपला जिल्हा मुंबईला माणसं पुरवणारा. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, ती 2011 मध्ये 16,15,069 झाली. राज्याची वाढली, आपली घटली. त्याच 2011 मध्ये इथे दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. म्हणजे कमावती पुरुषमाणसं बाहेर आणि घर ओढणाऱ्या बायका इथे. शाळा, दवाखाने, बँका, कचेऱ्या, मिरजोळे एमआयडीसीतले कारखाने, मासळी आणि काजूची कामं, सगळीकडे बायका आहेत. शिवाय बदलीने घाटावरून आलेल्या शिक्षिका. त्यांची सासू कोल्हापूरला, आई लातूरला. इथे त्यांच्या मुलाला आजी नाही. जी आजी आहे ती पाळणाघरातली काकू.

सरकारी नोकरीत प्रसूती रजा 180 दिवसांची. पुढे गरजेप्रमाणे घ्यायला बालसंगोपन रजा आहे, तीही एकूण 180 दिवस. पण रजा कधीतरी संपतेच आणि बाळ जेमतेम सहा-आठ महिन्यांचं असतं. अंगणवाडीत बसायचं वय तीन वर्षांचं, तेही सकाळच्या काही तासांपुरतं. मधली दोन-अडीच वर्षं मूल ठेवायचं कुठे? खासगी नोकरीत किंवा रोजंदारीवर असलेल्या बाईला तर अनेकदा एवढीही रजा मिळत नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याच जिल्ह्यातले. 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. बाई शिकली, नोकरीला लागली. तिचं तान्हं मूल दिवसभर कुणी बघायचं, याचं उत्तर मात्र समाजाने ठरवून कधी दिलंच नाही. तो प्रश्न शेजारच्या काकूंच्या पदरात टाकून आपण मोकळे झालो.

काकूंचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. समजा, काकूंकडे पाच मुलं आहेत आणि प्रत्येकाचे महिना 2,500 रुपये. महिन्याला 12,500 झाले. ऐकायला बरं वाटतं. पण मे महिन्यात आई घरी, म्हणून पैसे नाहीत. गणपतीत गावाला, दिवाळीची सुट्टी, तेव्हाचे पैसे कापून. सगळं मिळून वर्षातले दहा महिने धरले तर 1,25,000 रुपये. त्यातून गॅस, वीज, फिनेल, वरचं दूध, मोडकी खेळणी असे महिन्याला अडीच हजार वजा करा. वर्षाचे उरले एक लाख.

आता तास मोजा. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा म्हणजे साडेनऊ तास. महिन्याचे 25 दिवस आणि दहा महिने धरले तर 2,375 तास. एका तासाला 42 रुपये! पाच मुलांचे मिळून. म्हणजे एका मुलामागे तासाला साडेआठ रुपये सुद्धा नाहीत. त्यापेक्षा दोन-तीन घरी पोळ्या लाटायला जावं, दुपारी घरी येऊन पाठ टेकावी, हे कुणालाही सुचेल. आणि तसंच होतंय.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती सहज लक्षात येत नाही. तीन वर्षांचं मूल स्वतः जेवतं, बोलतं, धाकट्याला खेळवतं. आठ महिन्यांच्या बाळाला मात्र दोन्ही हात लागतात. पूर्वी काकूंकडे दोन्ही वयाची मुलं असायची, म्हणून निभायचं. आता अडीच-तीन वर्षं झाली की मूल रंगीत भिंतींच्या प्ले ग्रुपमध्ये जातं, दारात व्हॅन येते. काकूंकडे उरतात फक्त तान्ही बाळं. काम वाढलं, मुलं कमी झाली, पैसे तेवढेच.

"असू दे गो, ये सावकाश"

शाळा लांज्याकडे किंवा संगमेश्वराकडे. शाळा सुटते, मग एसटीची वाट बघणं, त्यात वर्षानुवर्षं रखडलेलं मुंबई-गोवा महामार्गाचं काम. फोन येतो, "काकू, गाडी चुकली, सात वाजतील." पलीकडून उत्तर येतं, "असू दे गो, ये सावकाश." हा वरचा अर्धा तास कुणी मोजत नाही. काकूंचा संध्याकाळचा दिवा, घरच्यांचा चहा, स्वतःचं गुडघ्याचं दुखणं, सगळं त्या अर्ध्या तासात अडकलेलं असतं. आईचीही चूक नाही, तिला एसटी उडवत आणता येत नाही. पण दर वेळी सोसायचं एकीनेच, हे बरोबर नाही.

काकू आजारी पडल्या तर पाच घरांतल्या नोकऱ्या अडतात. म्हणून त्या ताप अंगावर काढतात. लग्नकार्याला जायचं तर आधी पाच जणींची परवानगी. दुसऱ्या कुठल्या कामात सुट्टीसाठी असं हात जोडावं लागतं?

जबाबदारी आणि संशय

नोव्हेंबर 2016 मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात लहानग्या बाळाला मारहाण झाली, ती कॅमेऱ्यात दिसली. सगळा महाराष्ट्र हादरला. पालक सावध झाले, ते योग्यच झालं. बाळ बोलू शकत नाही, त्याच्या वतीने कुणीतरी बघायलाच हवं. पण या सावधपणाचं ओझं कुणाच्या डोक्यावर आलं? जिचं घर हेच पाळणाघर, तिच्या. "कॅमेरा लावा," असं आपण सहज म्हणतो. पण ती खोली तिच्या नवऱ्याची, सुनेचीही असते. मूल चालताना धडपडलं, कपाळाला टेंगूळ आलं की आधी कारण विचारलं जात नाही, जाब विचारला जातो. तिला प्रथमोपचार कुणी शिकवलेला नाही आणि काही झालंच तर तिच्या पाठीशी उभी राहील अशी संस्थाही नाही. "पैसे थोडे आणि घोर मोठा," असं ती म्हणते ते खोटं नाही.

मग एक दिवस पुण्याहून मुलाचा फोन येतो, "आई, आम्ही दोघंही कामावर, बाळाला बघायला तू ये." काकू बॅग भरतात. एका नातवाला आजी मिळते, इथल्या पाच मुलांची जाते.

सरकारच्या वहीत ती कुठे आहे?

1948 च्या कारखाना कायद्यानुसार तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर ठेवणं बंधनकारक होतं. 2017 मध्ये प्रसूती लाभ कायदा सुधारला, तेव्हा 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाही ते बंधनकारक झालं. पण आपल्याकडे शाळा दोन शिक्षकी, बँकेची शाखा आठ-दहा माणसांची, दुकान दोघींचं. कायद्याची चाळण मोठ्या भोकांची, आपण सगळे खाली गळतो. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना आहे. ती चांगली आहे, पण त्यातही घरी मुलं सांभाळणारी काकू येत नाही.

महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो दुसऱ्याच्या घरी जाऊन काम करणाऱ्यांसाठी. ही काम करते स्वतःच्या घरी. असंघटित कामगारांसाठी 2019 मध्ये पेन्शन योजना आली, साठीनंतर महिना 3,000 रुपयांची. तिच्यात नाव घालायचं तर वय 18 ते 40 हवं. आपल्या बहुतेक काकू चाळिशी ओलांडल्यावर या कामात येतात!

अंगणवाडी सेविकांकडे बघा. त्यांचं मानधनही फार नाही, पण त्यांना संघटना आहे. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभर संप करून त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. काकू संप करत नाही. ती नुसती दार लावून घेते. म्हणून बातमी होत नाही.

हे फक्त आपल्याकडे घडतंय असंही नाही. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या नोंदणीकृत बायकांची संख्या 2012 नंतर निम्म्याहून खाली आली. तिथे कागदपत्रं आणि तपासण्या भरपूर, पैसे मात्र अपुरे. फ्रान्सने 1977 मध्येच अशा बायकांना कायद्याने कामगाराचा दर्जा दिला. म्हणजे नुसती नोंदणी करून भागत नाही, नोंदणीबरोबर हक्कही द्यावे लागतात.

नुकसान कुणाचं?

आपण शाळेत रोज बघतो. काकू मिळाली नाही की शिक्षिका बिनपगारी रजा टाकते, कुणी नोकरीच सोडते. आंबा-बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबात किंवा बांधकामावरच्या मजुराच्या झोपडीत तर काकू नसतेच, तिथे तिची जागा सहावीतली ताई घेते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे सलग गैरहजेरी दिसते आणि कारण विचारलं तर "भावाला बघत होते, बाई." शून्य ते तीन ही मेंदूच्या वाढीची महत्त्वाची वर्षं, असं आपण प्रशिक्षणात ऐकतो. ती वर्षं कुणाच्या मांडीवर जातात, हा म्हणूनच शिक्षणाचा प्रश्न आहे.

मग काय करावं?

काहीजण म्हणतील, "आमचाच पगार पुरत नाही, जास्त कुठून देणार?" खरं आहे. म्हणून सगळा भार पालकांवर टाकू नये. पण चार गोष्टी आपल्या हातात आहेत. बारा महिन्यांचे पैसे द्यावेत. आपल्याला मे महिन्याचा पगार मिळतो, मग तिला का नको? ठरलेल्या वेळेनंतरच्या तासाचे वेगळे पैसे असावेत. वर्षातल्या तिच्या सुट्ट्या आधीच कागदावर लिहाव्यात. आणि ताप असलेलं मूल औषध पाजून तिच्या दारात सोडू नये.

नगर परिषद आणि ग्रामपंचायतीने साधी, एका पानाची नोंद ठेवावी. तिला परवान्याचं आणि दंडाचं रूप आलं तर उरलेल्या काकूही बंद करतील. नोंद झाली की प्रथमोपचाराचं शिक्षण, अपघात विमा आणि वर्षातून एकदा मुलांची आरोग्य तपासणी मिळावी. 2024 मध्ये केंद्राने जन्म ते तीन वर्षांच्या मुलांसाठी 'नवचेतना' हा आराखडा काढला आहे. अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात या काकूंनाही बसवलं तर कितीसा खर्च येईल?

ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गावातल्या साध्या बाईला थोडं शिकवलं, मान दिला, तर ती उत्तम बालशिक्षण करू शकते, हे त्यांनी दाखवून दिलं. तशा बायका आपल्या आळीत आजही आहेत. त्या निघून जाण्याआधी त्यांच्या कामाला काम म्हणायला शिकू या. सुरुवात सोपी आहे. या महिन्याचे पैसे हातात देताना एवढं विचारा, "काकू, तुमची सुट्टी कधी?"