शेंदूर, बॅटरी आणि कामगाराचे रक्त

दगडाला शेंदूर फासला की त्याचा देव होतो, असे आपण म्हणतो. हा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे एक ऑक्साइड होय. शिसे हवेत तापविले की प्रथम पिवळे मुर्दाडशिंग होते. ते पुन्हा भाजले की तांबडा शेंदूर. जवसाच्या तेलात कालविलेला शेंदूर लोखंडाला गंजू देत नाही. म्हणून पुलांना व जहाजांना त्याचा पहिला हात देण्याची रीत पडली. आज मात्र शिशाच्या ऑक्साइडांचा सर्वांत मोठा खप बॅटऱ्यांत आहे. मोटारीच्या किंवा इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटरीतील प्लेटांवर त्यांचाच लेप असतो.

ही भुकटी विषारी आहे, हे ज्ञान नवे नव्हे. गवयाला शेंदूर चारून त्याचा आवाज घालविल्याच्या कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. कारखान्यात ती कोणी चारावी लागत नाही. श्वासावाटे व न धुतलेल्या हाताने खाल्लेल्या भाकरीवाटे ती शरीरात जाते आणि त्यातील शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. रक्तक्षय, पोटातील कळा, लुळे पडणारे मनगट, निकामी होणारी मूत्रपिंडे ही त्याची फळे. कामगाराच्या कपड्यांबरोबर तीच धूळ घरी जाते व मुलांच्या बुद्धीवर घाला घालते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असावे, असा अंदाज युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात आहे. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळविणे हे त्याचे एक प्रमुख कारण म्हणून तेथे नोंदले आहे.

कायदे नाहीत असे नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्यातील नोंदनीय रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा पहिल्याच क्रमांकावर होती. घरगुती रंगात दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम २०१६ मध्ये झाला. म्हणजे भिंतीला रंग लावून घेणाऱ्याची काळजी शासनाने घेतली. जुनी बॅटरी फोडणाऱ्याची कोण घेणार? २०२० च्या श्रमसंहितेने तर विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या १० वरून २० वर नेली. विष मात्र डोकी मोजून चढत नाही.

भट्ट्यांना टाळे ठोका, एवढीच मागणी करून आपण मोकळे होऊ शकत नाही. तिच्यावर पोट असलेला माणूस उद्या दुसऱ्या वस्तीत तेच काम अधिक लपून करील. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती साखळीतील शेवटच्या कामगारापर्यंत पोहोचली पाहिजे. धूळ ओढून घेणारी यंत्रणा, कामाचे वेगळे कपडे व ते धुण्याची सोय मालकाकडे, सुटीपूर्वी स्नान, ठरावीक मुदतीने रक्ताची तपासणी आणि तिचा अहवाल कामगाराच्या हाती, या मागण्या प्रत्येक करारात आल्या पाहिजेत. गुळाचा खडा किंवा पेलाभर दूध रक्तातील शिसे काढीत नाही. त्यावर समाधान मानणे हे मालकाच्या सोयीचे आहे, कामगाराच्या नव्हे.